जाऊन राहिले

आमच्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात दोन्ही मुलींचा ताबा दोघांकडे होता. राहणं माझ्याकडे, दुसऱ्या आणि चौथ्या शनिवार-रविवारी वडिलांकडे, दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी अर्धी-अर्धी. त्याखाली एक ओळ होती, ती सही करताना मी नीट वाचली नव्हती. एकमेकांच्या लेखी संमतीशिवाय किंवा कोर्टाच्या परवानगीशिवाय मुलींची शाळा किंवा तालुका बदलायचा नाही. तेव्हा मला कुठे जायचंच नव्हतं. सडक अर्जुनीत, हायवेपासून दोन गल्ल्या आत, मी दोन खोल्या घेतल्या होत्या. मुलींची शाळा तिथून चालत दहा मिनिटांवर, आणि ज्या लॅबमध्ये मी रक्त तपासायचे ती त्याच्याही अलीकडे. मुलींच्या बाबांचं गाव आठ किलोमीटरवर. घरची धानाची शेती, आणि हायवेवर ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान.

दोन वर्षं हे ठीक चाललं. मग लॅब चालवणारे डॉक्टर आपल्या मुलाकडे नागपूरला निघून गेले आणि लॅब बंद झाली. मला गोंदियात एका खासगी दवाखान्याच्या लॅबमध्ये काम मिळालं. डिसेंबरपासून मी रोज सकाळी पावणेसातच्या बसने जायचे आणि संध्याकाळी साडेसातला परत यायचे. मोठी मुलगी नऊ वर्षांची, धाकटी पाच. शाळा सुटल्यावर त्या घरमालकीण काकूंकडे बसायच्या. काकूंनी कधी तक्रार केली नाही. एकदा फक्त सहज सांगितलं, की उन्हाळ्यात त्या लेकीच्या बाळंतपणाला जातील आणि चार-पाच महिने काही परत येणार नाहीत.

म्हणून मी कोर्टात अर्ज केला. येत्या सत्रापासून मुलींना घेऊन गोंदियाला राहायला जाऊ द्यावं, एवढंच त्यात होतं. शहराच्या कडेला मुर्रीत एक घर पाहून ठेवलं होतं. तिथून दवाखाना वीस मिनिटांवर.

मुलींच्या बाबांनी हरकत घेतली. ती रागाने घेतली असं मला वाटत नाही. ते बुधवारी दुकान तासभर बंद करून शाळा सुटताना फाटकाशी उभे राहायचे. हुकूमनाम्यात हे नव्हतं. त्यांनी मला विचारलं नव्हतं, मी त्यांना अडवलं नव्हतं. मुली गोंदियाला गेल्या की बुधवार संपणार होता, आणि तो कागदावर नसल्यामुळे त्यांना मागताही येणार नव्हता.

दोघांचं ऐकून कोर्टाने सांगितलं की मोठ्या मुलीशी समुपदेशक बोलतील. नऊ वर्षांच्या मुलीला विचारता येतं. समुपदेशक मॅडम पश्चिम महाराष्ट्रातून नव्याने आलेल्या होत्या. मी त्यांना आधी एकदाच पाहिलं होतं. प्रत्येक शब्द पूर्ण उच्चारणाऱ्या, समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत थांबणाऱ्या.

इथे माझ्या मराठीबद्दल सांगायला हवं. मी गोंदियात इंग्रजी माध्यमात शिकले. वर्गात इंग्रजी, रस्त्यावर हिंदी, आणि मराठी आठवड्यातून चार तास, पुस्तकातली. सासरी गेल्यावर झाडीबोली पहिल्यांदा रोज कानावर पडली. समजायला ती अवघड गेली नाही, कारण तिची चाल हिंदीची. हिंदीत ‘जा रही है’ म्हणतात, तसं तिथे ‘जाऊन रायली’. पण बोलायला मी कधी धजले नाही. माझ्या तोंडून ती कुणाची तरी नक्कल केल्यासारखी निघायची, आणि जावा हसायच्या. मुलींना मात्र ती आपसूक आली होती. त्या माझ्याशी हिंदीमिश्रित काहीतरी बोलत, आणि बाबांशी त्यांच्यासारखं.

मॅडमना भेटायच्या आधी तीन संध्याकाळी मी मोठीला शिकवलं. काय सांगायचं ते नाही. ते शिकवू नका असं वकिलांनी बजावलं होतं, आणि मलाही ते आवडलं नसतं. कसं बोलायचं, तेवढंच शिकवलं. गोंदियाले नाही, गोंदियाला. मी गेली नाही, मी गेले. रायली नाही, राहिले. बाबाकडे नाही, बाबांकडे. ती म्हणाली, बाबा तर तसंच बोलतात. मी म्हटलं, घरी तसं, तिथे असं. तिने मान हलवली आणि दोन-तीन वेळा स्वतःशी म्हणून पाहिलं. तिची जीभ लवकर वळते. मला वाटत होतं, मॅडमनी तिला ऐकावं आणि आईने मुलीकडे नीट लक्ष दिलं आहे असं समजावं.

ती आत वीस मिनिटं होती. बाहेर आली तेव्हा हातात एक चॉकलेट होतं, त्याचा अर्धा भाग धाकटीसाठी कागदात गुंडाळून ठेवलेला. काय विचारलं हे मी विचारलं नाही. बसमध्ये ती माझ्या खांद्यावर झोपली.

दोन आठवड्यांनी वकिलांनी बोलावलं. ते वयस्कर, गोंदियाचे, मराठीत अर्ज लिहिणारे आणि हिंदीत बोलणारे. त्यांनी अहवालाची प्रत माझ्यापुढे सरकवली आणि एका ओळीवर पेन ठेवलं. कोर्टाची मराठी मी हळू वाचते. तिथे लिहिलं होतं की आई नोकरीनिमित्त गोंदिया येथे राहावयास गेली असून मुलगी वडिलांकडे जाऊन राहिली, असे अज्ञान मुलीचे कथन आहे. ‘अज्ञान’ या शब्दावर मी अडले. वकील म्हणाले, अज्ञान म्हणजे सज्ञान नाही ती, वय लहान. मग त्यांनी विचारलं, “आप पहले ही शिफ्ट हो गयी थीं क्या? मुझे बताना था ना, बेटा.”

मी नाही म्हटलं. रोज येते-जाते, बसचे पास दाखवू शकते. मग मुलगी असं का बोलली, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी फक्त पुढचं समजावलं. आता समोरची बाजू म्हणेल की मोठी तिकडेच राहते आहे, तर राहणंही तिकडेच लिहून द्या. दोन बहिणींना कोर्ट वेगळं करत नाही. म्हणजे धाकटीही. मी मुलींना गोंदियाला न्यायची परवानगी मागायला गेले होते. आता त्या माझ्याकडे राहतील की नाही हाच प्रश्न झाला होता. पेशी, म्हणजे कोर्टाची पुढची तारीख, बारा दिवसांवर होती.

घरी आल्यावर मी मोठीला काहीच विचारलं नाही. वकिलांनी ते विचारू नका असं म्हटलं नव्हतं. मीच विचारलं नाही. माझी सवय तशी आहे. उत्तर नको असेल तर मी प्रश्न मनातच ठेवते. त्याऐवजी मी तिच्याकडे पाहत राहिले. ती बाबांकडे जायची पिशवी भरताना दोन फ्रॉक जास्त घेते आहे का. चित्रकलेची वही तिकडेच ठेवली आहे का. जेवताना ती त्यांच्या घरच्या हिरव्या मिरचीच्या भाजीबद्दल बोलली, तेही मी लक्षात ठेवलं. तिने खोटं सांगितलं हे मी मान्य करून टाकलं होतं, आणि नऊ वर्षांची मुलगी असं खोटं सांगते तेव्हा ते खोटं नसतं, इच्छा असते, इथपर्यंत येऊन मी पोचले होते. चार दिवस मी तिच्याशी जरा जास्त सौम्य वागले. तिला ते कळलं असावं, कारण तिने विचारलं, मला ताप आलाय का.

पाचव्या दिवशी चौथा शनिवार आला. मुलींची देवाणघेवाण बसस्टँडसमोर, बंद पडलेल्या एका फोटो स्टुडिओच्या पायरीपाशी होते. मुलींचे बाबा मोटरसायकलवर आले. धाकटी लगेच टाकीवर चढून बसली. त्यांच्या शर्टाच्या खिशात अहवालाची प्रत चौघडी करून ठेवलेली दिसत होती. ती त्यांनी काढली नाही. मोठीला म्हणाले,

“काऊन वो माय, मॅडमले काय सांगतली तू?”

“जे विचारलं ते.”

“मंग कसं सांगतली ते सांग ना. जसंच्या तसं.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मग वर्गात कविता म्हणताना उभी राहते तशी हात सरळ सोडून उभी राहिली आणि म्हणाली, “आई गोंदियाला जाऊन राहिली. मी बाबांकडे जाऊन राहिले.”

म्हणजे तिने खरंच तसं सांगितलं होतं. मी पायरीकडे पाहू लागले.

ते हसले. मोठ्याने नाही, नाकातून. “आता आपल्यासारखी सांग.”

“आई गोंदियाले जाऊन रायली, मी बाबाकडे जाऊन रायली,” ती एका दमात म्हणाली आणि मागच्या सीटवर चढायला पाय टाकला.

“पाह्य बाप्पा,” ते मला म्हणाले. “आता तुझ्या डोळ्यासमोर कुठं जाऊन रायली ते? माझ्याकडं जाऊन रायली. उद्या संध्याकाळी तुझ्याकडं येऊन रायली. अन् तू रोज सकाळी बसनं गोंदियाले जाऊन रायली. पोरीनं काय खोटं सांगतलं?”

मला अजूनही कळलं नव्हतं, आणि ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं. त्यांनी गाडी बंद केली. लग्नाआधी ते दोन वर्षं कोल्हापूरकडे कृषी डिप्लोमाला होते, हे मला माहीत होतं. तिथलं काही त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. होस्टेलची पोरं फोन करून विचारत, कुठे आहेस. हे सांगत, मी जेवून रायलो. पोरं म्हणत, जेवून राहिलास ना, मग ये लवकर. “मी ताटावर अन् ते दारात. दोन वर्षं हेच चाललं. तिकडं जाऊन राहिली म्हंजे गेली अन् तिथंच राहिली. मॅडम तिकडच्या हायेत. त्यायनं बरोबरच लिहिलं.”

मग म्हणाले, “पोरगी ‘रायली’ म्हटली असती तं मॅडमनं विचारलं असतं, हे कोनती बोली म्हणून. तू तिले मॅडमसारखी करून पाठवली. मंग त्यायले संशय कायले येईन?”

त्यात चुकीचं काही नव्हतं. मोठीने मागून विचारलं, “मी चुकली काय?”

“तू नाही चुकली,” ते म्हणाले. कोण चुकलं ते म्हणाले नाहीत.

मी त्यांना अजूनही ‘तुम्ही’ म्हणते आणि ते मला ‘तू’ म्हणतात. हुकूमनाम्याने त्यात फरक पडला नाही. मी विचारलं, “पेशीला तुम्ही काय सांगणार?”

त्यांनी किक मारली. “पेशीले अजून आठवडा हाये,” म्हणाले आणि गेले.

सोमवारी मी वकिलांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांना ते पटलं; त्यांची बायको आमगावची, घरी तीच बोली. पण ते म्हणाले, हे सिद्ध कोण करणार. आपण म्हटलं तर आई सारवासारव करते असं दिसेल. मॅडमना पुन्हा बोलवा असा अर्ज देता येईल, समोरचे त्याला विरोध करतील, दोन-तीन तारखा पडतील आणि शाळा सुरू होऊन जाईल. मुलींच्या बाबांनी स्वतः सांगितलं तर वेगळं. “पर वो क्यों बोलेगा? उसका तो फायदा है.”

मी मुलींच्या बाबांना मेसेज लिहिला, पुसला, पुन्हा लिहिला. विनंती करावी तर ती कोणत्या नात्याने, हे मला ठरवता आलं नाही. शेवटी पाठवलाच नाही. घरी मात्र एक केलं. मोठीला सांगितलं की तिचं बरोबर होतं आणि मी तिला चुकीचं शिकवलं. तिने विचारलं, मग आता कसं बोलू. मी म्हटलं, येईल तसं. हे उत्तर तिला फारसं उपयोगाचं वाटलं नाही.

पेशीच्या दिवशी त्यांच्या वकिलांनी अहवाल वाचून दाखवला. ती ओळ त्यांनी सावकाश, दोनदा वाचली आणि त्यावरून जे मागायचं ते मागितलं. न्यायाधीशांनी लिहून घेतलं. माझे वकील उभे राहणार तोच मुलींचे बाबा मागच्या बाकावरून उठले. त्यांच्या वकिलांनी मागे वळून हाताने बसा अशी खूण केली. ते बसले नाहीत.

“साहेब, हे असं नाही हाये.”

न्यायाधीशांनी विचारलं, मग कसं आहे.

“पोरगी माझ्याकडं सुट्टीच्या शनिवारी येते. जाऊन रायली म्हंजे जाते, असं तिनं सांगतलं. राहत आईकडंच हाये. आईबी तिथंच हाये, रोज बसनं येते-जाते.”

खाली टाइप करणाऱ्या बाई की-बोर्डवरचा हात थांबवून हसल्या. त्या इकडच्याच असणार. न्यायाधीशांनी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी मान डोलावली. मग न्यायाधीशांनी विचारलं, म्हणजे तुम्ही तुमची हरकत मागे घेता का.

“हरकत हाये,” ते म्हणाले. “हरकत हायेच. पन हे लिहिलेलं खरं नाही.”

आणि बसले. त्यांच्या वकिलांनी फाइल मिटली, पुन्हा उघडली. मी समोर पाहत होते. त्यांच्याकडे पाहिलं असतं तर आभार मानल्यासारखं झालं असतं, आणि ते त्यांना नको होतं असं मला वाटलं. कदाचित मलाच नको होतं.

मॅडमनी मोठीला पुन्हा बोलावलं, या वेळी कार्यालयातली इथलीच एक बाई सोबत बसवून. त्या आधी बाहेर येऊन माझ्याशी बोलल्या. म्हणाल्या, मला विचारायला हवं होतं, वाक्य इतकं सरळ होतं की विचारावंसं वाटलंच नाही. मग विचारलं, तुम्ही घरी कोणती भाषा बोलता. मी म्हटलं, सगळ्याच. त्या थांबल्या, मी पुढे काही बोलेन म्हणून.

दुसरा अहवाल पहिल्यापेक्षा लांब होता. त्यात मुलीची वाक्यं अवतरणात, तिच्याच शब्दांत घातली होती. तिला माझ्याबरोबर गोंदियाला यायचं होतं, कारण धाकटी संध्याकाळी रडते आणि काकूंना ते आवडत नाही. हे मला माहीत नव्हतं. आणि तिला बुधवार हवा होता. बुधवार बंद होणार असेल तर ती येणार नाही, असं तिने दोनदा सांगितलं होतं.

परवानगी मिळाली, पण जशी मागितली तशी नाही. मुलींच्या बाबांचे शनिवार आता शुक्रवारी संध्याकाळपासून सुरू होतात. उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तीन भागांपैकी दोन त्यांचे. आणि दर बुधवारी शाळेनंतर दोन तास, मुलींच्या राहत्या जागी. माझे वकील म्हणाले, जास्त दिलं आपण. मी सही केली. या वेळी प्रत्येक ओळ वाचून केली, त्याला अर्धा तास लागला, आणि मी थांबवून ठेवलेल्या लोकांची मला लाज वाटली नाही.

सामान हलवलं तो त्यांचा रविवार होता, त्यामुळे मुली तिकडे होत्या. टेम्पोत दोन पलंग, शिलाईमशीन, मुलींची सायकल आणि माझी पुस्तकं. मुर्रीचं घर रस्त्याच्या शेवटी आहे. त्याच्यापुढे धानाच्या बांध्या सुरू होतात. जून सरताना शाळा उघडली. मोठीच्या वर्गात निम्मी मुलं हिंदीत बोलतात. पहिल्या आठवड्यात ती गप्प होती, दुसऱ्या आठवड्यात तिच्या हिंदीत नवे शब्द आले.

जुलैच्या पहिल्या बुधवारी मुलींचे बाबा आले. बसने आले होते. पँटचे काठ दुमडलेले आणि पिंढरीपर्यंत चिखल सुकलेला. फाटकाशी उभे राहिले. मी आत या म्हटलं. ते म्हणाले, पाय भरलेले आहेत, इथेच बरं. ते बाहेरच्या पायरीवर बसले. धाकटीने त्यांना मागचा नळ, पुढची खिडकी आणि शेजारच्यांची बकरी दाखवली. मोठी वही घेऊन त्यांच्याजवळ बसली. मी आत भाजी चिरत होते, दार उघडं ठेवून. त्या तिघांचं बोलणं मला ऐकू येत होतं. त्यात माझ्याबद्दल काही नव्हतं. बैलाच्या खुराला लागलेलं, दुकानात आलेलं नवं नांगराचं पातं, शाळेतल्या बाईंचा केस बांधायचा प्रकार.

दोन तास व्हायला दहा मिनिटं असताना ते उठले. मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले. पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले की पुढच्या बुधवारी धानाची रोवणी लागेल, त्यासाठी बाया ठरल्या आहेत, येणं होणार नाही. ते मला सांगत होते, पण पाहत बांध्यांकडे होते. हुकूमनाम्यात बुधवार चुकला तर काय, हे लिहिलेलं नाही. तो तसाच जातो.

मी म्हटलं, “मग गुरुवारी मीच त्यांना घेऊन येते. मला दुपारनंतर सुट्टी काढता येईल.”

मोठीने वहीतून मान वर केली. मग त्यांनी पँटचे काठ खाली सोडले.

“घरी नको येऊ, घरी कोनी राहणार नाही,” ते म्हणाले. “सिधी शेतावर आन. अन् पोरींच्या पायात चपला नको घालू, फसतात.”